डायलिसिसच्या दोन दिवसांमधले दिवस : ठाण्यातील एका शुश्रूषा केंद्रातील प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या परिसरात आमचे वृद्ध शुश्रूषा केंद्र आहे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे की आमच्याकडे शस्त्रक्रियागृह नाही, अतिदक्षता विभाग नाही आणि रात्री डॉक्टरही नसतात. घरी सांभाळणे शक्य नाही असे सुमारे तीस वृद्ध येथे राहतात. सिस्टर आणि मावशी चोवीस तास असतात, डॉक्टर रोज सकाळी फेरी मारून जातात आणि एरवी फोनवर सल्ला देतात. मी येथे प्रमुख परिचारिका म्हणून काम पाहते. रुग्णाची ओळख पटू शकेल असे तपशील पुढे बदललेले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पत्नीच्या निधनानंतर एकटे राहणारे, पंचवीस वर्षांचा मधुमेह आणि त्यातूनच निकामी झालेली मूत्रपिंडे. डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षे झाली होती आणि घरातून रिक्षाने जाऊन-येऊन त्यांचे ठीक चालले होते. एप्रिलमध्ये न्हाणीघरात पडून त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण एकट्याने राहणे संपले. मुलगी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहते आणि मुलगा पुण्याला. मेमध्ये काका आमच्याकडे आले.

पहिला निर्णय येथेच चुकला असे मी आज म्हणेन. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयी दीड पान मजकूर होता आणि शेवटी एक ओळ : ‘डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू ठेवणे’. आम्हीही काकांना ‘खुब्याचा रुग्ण, शिवाय डायलिसिस’ असेच दाखल करून घेतले. व्यायाम कोण घेणार, वॉकर कुठला, कमोडची उंची किती, हे सगळे पहिल्याच दिवशी ठरले. त्यांचे ‘ड्राय वेट’ किती, म्हणजे अंगातील जादा पाणी काढल्यानंतर उरायला हवे ते वजन किती, हे मात्र आम्ही डायलिसिस केंद्राला तीन आठवडे विचारलेच नाही. ते ५६ किलो होते.

अडचण

डायलिसिस केंद्र नौपाड्यात, म्हणजे आमच्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर. काकांची वेळ मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी साडेअकरा ते साडेतीन अशी होती. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्ता कसा झाला आहे हे ठाणेकरांना सांगायला नको. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, पुढे कॅडबरी आणि नितीन कंपनी एवढे टप्पे ओलांडायचे म्हणून गाडी दहालाच काढावी लागे आणि परतायला कधी सव्वापाच, कधी सहा वाजत. दुपारचे जेवण दोन्हीकडून सुटत असे, कारण तिकडे मशीनवर असताना जेवल्याने रक्तदाब उतरतो म्हणून देत नसत आणि आमच्याकडे ताट झाकून ठेवलेले असे, जे संध्याकाळी काका बाजूला सारत.

जूनमधल्या एका गुरुवारी ते परतले तेव्हा घामाने चिंब होते आणि बोलणे अडखळत होते. रक्तातील साखर ४८ भरली. सकाळी न्याहारीबरोबर मिश्र इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत दिलेले होते, त्याचा जोर दुपारी होता आणि दुपारी पोटात काहीच नव्हते. शिवाय मूत्रपिंडे निकामी झाली की इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे जुनी मात्रा आपोआप जास्त ठरते. ग्लुकोज दिल्यावर अर्ध्या तासात ते सावरले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि आम्ही ही घटना साखरेची म्हणून नोंदवून टाकली. खरे तर ती वेळेची आणि रस्त्याची घटना होती, पण तसे कोणी म्हटले नाही.

त्याच सुमारास दर मंगळवारी वजन वाढलेले येऊ लागले. शनिवार ते मंगळवार हा मधला खंड सर्वांत लांब असतो आणि डायलिसिसवरील रुग्णांसाठी तोच सर्वांत धोक्याचा मानला जातो. एका मंगळवारी काका ५९.८ किलो भरले, म्हणजे ३.८ किलो जास्त, म्हणजेच जवळपास ३.८ लिटर पाणी. चार तासांत ते काढायचे तर तासाला ९५० मिलिलिटर, त्यांच्या वजनाच्या हिशेबाने दर किलोमागे तासाला १७ मिलिलिटर. ही गती १३ च्या वर जाऊ नये असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि त्या मर्यादेत चार तासांत जेमतेम २.९ लिटर निघाले असते. साहजिकच तिसऱ्या तासाला पायात गोळे आले, रक्तदाब कोसळला, सलाइन देऊन मशीन लवकर बंद केले. पाणी अंगात उरले, ते पुढच्या खेपेच्या वाढीत मिळाले आणि पुढची खेप आणखी जड गेली. परत आल्यावर काका तासन्‌तास डोळे मिटून पडून राहत आणि आम्ही त्याला ‘डायलिसिसचा थकवा’ म्हणत असू.

पाणी येत कुठून होते? सकाळचा आणि दुपारचा चहा, औषधांबरोबर पाच वेळा अर्धा-अर्धा पेला पाणी, दुपारी ताक, रात्री पेज. आमच्या स्वयंपाकघरात वृद्धांना ‘पातळ आणि पचायला हलके’ देण्याची जुनी पद्धत आहे, आणि इतर एकोणतीस जणांसाठी ती चांगलीच आहे. काकांना दिवसभरात जेमतेम पाव लिटर लघवी होत असे, म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञांनी सगळे मिळून पाऊण लिटर द्रव सांगितले होते. आम्ही दीड लिटरच्या पुढे जात होतो आणि तो आकडा कुठेच लिहिला जात नव्हता.

सोमवारची रात्र

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यांतली एकही कुणी वाईट हेतूने केलेली नव्हती.

पहिली म्हणजे मीठ. दहा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात ‘रक्तदाबासाठी चांगले’ म्हणून कमी सोडियमचे मीठ आले होते. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ज्याची मूत्रपिंडे चालतात त्याला ते चालते. काकांच्या शरीरात मात्र पोटॅशियम बाहेर टाकणारी वाट एकच होती, आठवड्यातून तीन वेळा उघडणारी. आणि ते रक्तात साठले की स्नायूंतला जोर जातो, हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरी गोष्ट शनिवारची. आमची एकुलती एक गाडी दुसऱ्या एका आजींना तपासणीहून आणायला लागणार होती, म्हणून चालकाने घाई केली आणि काकांचे डायलिसिस पन्नास मिनिटे आधी उरकले. तंत्रज्ञांनी ते त्यांच्या कागदावर लिहिले. तो कागद आमच्याकडे येत नसे. तिसरी गोष्ट रविवारची. मुलगी भेटायला आली आणि बाबांना अशक्तपणा आहे म्हणून तिने येताना दोन शहाळी आणली. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर असते.

सोमवारी रात्री आठला काका जेवले नाहीत. ‘पायात जीव नाही’ एवढेच म्हणाले. दुपारी व्यायाम झाला होता, म्हणून मावशींना त्यात विशेष वाटले नाही. सव्वानऊला रात्रपाळीच्या सिस्टरने नाडी मोजली, ती ४६ होती. एरवी ती ७५ ते ८० असे. रक्तदाब १०८/६०, धाप नाही, छातीत दुखत नाही. तिने डॉक्टरांना फोन केला. उद्या डायलिसिस आहेच, तोवर लक्ष ठेवा, असे उत्तर मिळाले. अकराला तिने मला उठवले. मी नौपाड्याच्या केंद्रात फोन लावला, तो कोणी उचलला नाही. बाहेर धो-धो पाऊस होता. या पावसात त्यांना हलवावे की सकाळपर्यंत थांबावे, यावर मी विचार करत राहिले. एक वाजता नाडी ४० झाली, तेव्हा रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णालयात ईसीजी पाहताच त्यांनी पोटॅशियमच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले. हृदय सावरण्यासाठी कॅल्शियमचे इंजेक्शन, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी ग्लुकोजसह इन्सुलिन, आणि पहाटे डायलिसिस. अहवाल आला तो ७.४ होता, एरवी तो साधारण ३.५ ते ५ असतो. काका वाचले. चौथ्या दिवशी परत आले.

सव्वानऊ ते एक या पावणेचार तासांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. डायलिसिसवरचा रुग्ण, लांब खंडाची शेवटची रात्र, पायांत अशक्तपणा आणि मंद नाडी, एवढे चार मुद्दे एका ओळीत मांडले असते तर फोनवरच्या डॉक्टरांनीही तेव्हाच पाठवा म्हटले असते. सिस्टरने त्यांना सांगितले ते असे होते : ‘काका जेवले नाहीत, नाडी थोडी कमी आहे.’ दोष तिचा नव्हता. ओळ कशी मांडायची हे आम्ही तिला शिकवलेच नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलगी, मुलगा, मूत्रपिंडतज्ज्ञ, आमचे डॉक्टर आणि मी असे एकत्र बसलो. मुलीने सुरुवातीलाच शहाळ्यांचा विषय काढला आणि तिला रडू आवरेना. मिठाची आणि पन्नास मिनिटांची हकिकत मी त्याच बैठकीत सांगितली. ती सांगावी की नाही यावर आमच्या व्यवस्थापनात मतभेद होते. पण ती न सांगता त्या मुलीला त्या ओझ्यासह घरी पाठवणे मला शक्य नव्हते.

काकांना मुलीकडे नेणे हा पर्याय लवकर मागे पडला, कारण आठवड्यातून सहा वेळा त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उचलावे लागले असते. नौपाड्याजवळच्या दुसऱ्या शुश्रूषा केंद्रात जागा होती, पण तेथे व्यायामाची सोय नव्हती आणि खुबा अजून कच्चा होता.

आमच्याच केंद्रात मशीन आणून डायलिसिस करून देण्याची तयारी एका खासगी सेवेने दाखवली होती. ऐकायला ते सर्वांत सोयीचे वाटले. परंतु मिनिटाला अर्धा लिटर द्रव या हिशेबाने एका खेपेलाच १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते तयार करणारी यंत्रणा, तिची नियमित तपासणी व प्रत्यक्ष हजर डॉक्टर यांपैकी आमच्याकडे काहीच नव्हते. मशीनवर रक्तदाब कोसळला तर आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसलो असतो.

सर्वांत जास्त चर्चा पोटातून करायच्या डायलिसिसवर झाली. त्यात पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत सोडतात आणि काही तासांनी तो काढून घेतात. मूत्रपिंडतज्ज्ञ त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते : प्रवास नाही, पाणी आणि पोटॅशियम रोजच्या रोज निघते, लांब खंड उरत नाही. मात्र दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून चार वेळा बदलायच्या, प्रत्येक वेळी निर्जंतुक हातांनी. काकांना मधुमेहामुळे नीट दिसत नाही, म्हणजे ते काम आमच्याच लोकांनी करायचे. आमच्याकडे रात्रपाळीचे कर्मचारी तीन-चार महिन्यांत बदलतात. एका चुकलेल्या हाताने पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. मी नकार दिला. आमची माणसे टिकत असती तर माझे उत्तर वेगळे असते, आणि हा काकांच्या प्रकृतीचा नव्हे, आमच्या संस्थेचा दोष आहे.

शेवटी मुलाने दबक्या आवाजात विचारले की हे सगळे चालू ठेवणे बाबांवर अन्याय तर नाही ना. हा प्रश्न दाबून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शुश्रूषागृहांत राहणाऱ्या आणि नव्याने डायलिसिस सुरू केलेल्या ३,७०२ जणांपैकी वर्षभरात ५८ टक्के दगावले होते आणि आधीची हालचाल टिकवू शकलेले केवळ १३ टक्के होते. काका त्या गटात नेमके बसत नाहीत, कारण त्यांचे डायलिसिस आधीपासून चालू होते. तरीही आकडा मुलांपुढे ठेवणे योग्य वाटले. मग आमच्या डॉक्टरांनी विचारले, ‘काकांना कोणी विचारले आहे का?’ कोणीच विचारलेले नव्हते. ते दोन खोल्या पलीकडे होते.

काकांचे उत्तर आम्हा सर्वांपेक्षा नेमके होते. ‘सुया टोचू द्या, त्याचे काही नाही. पण तीन दिवस सगळेच्या सगळे जातात. शनिवारी संध्याकाळी खाली भजन असते, तेव्हा मी जागा असलो पाहिजे.’

काय केले

त्या एका वाक्यामुळे वेळेचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला. डायलिसिस केंद्राच्या पहाटे सहाच्या पाळीत जागा नव्हती. पाच आठवडे वाट पाहून ती मिळाली. पहाटे पाचला निघाले की पस्तीस मिनिटांत गाडी पोहोचते आणि काका अकराच्या सुमारास परत येतात, म्हणजे दुपारचे जेवण ताटावर बसून होते. इन्सुलिन त्यानुसार बदलले, डायलिसिसच्या दिवशी रक्तदाबाची सकाळची गोळी डॉक्टरांनी संध्याकाळवर नेली. पहाटे साडेचारला काहीतरी खायला देणारी मावशी नेमावी लागली, आणि ही नेमणूक व्यवस्थापनाकडून मंजूर करून घेणे हे या सर्व प्रकरणातील सर्वांत कंटाळवाणे काम होते.

दुसरे म्हणजे वही. शंभर पानी साधी वही, जी काकांबरोबर गाडीतून जाते आणि परत येते. जाताना आम्ही आदल्या दिवसांतील द्रव, साखर, रक्तदाब, नवी औषधे आणि कुठे पडणे वा रक्तस्राव झाला असल्यास ते लिहितो. परतताना तंत्रज्ञ आधीचे व नंतरचे वजन, किती पाणी काढले, किती वेळ मशीन चालले आणि लवकर थांबवले असल्यास का, हे लिहितात. सुरुवातीला तिकडून ‘आमचे काम मशीनवरचे’ असे उत्तर मिळाले होते. महिन्याभराने तेच लोक, वही विसरली तर, चालकाला परत पाठवू लागले.

स्वयंपाकघरात कमी सोडियमचे मीठ बंद झाले. काकांचे साधे मीठच मोजून, थोडे. बटाटा व पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचे, टोमॅटोऐवजी कोकम थोडे, शहाळे आणि केळे नाही. येथे आणखी एक चूक सापडली. ‘किडनीचे पथ्य’ म्हणून आमच्या आचाऱ्यांनी काकांची डाळ आणि अंडी तोडली होती. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने कमी ठेवतात हे खरे, पण डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात आणि मग ती जास्त लागतात, दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅमच्या वरच. रोज दोन अंड्यांचा पांढरा बलक आणि घट्ट वरण सुरू झाले. रक्तातील फॉस्फरस कमी ठेवणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर दिली तरच उपयोगी पडते. ती आम्ही इतके दिवस सर्वांच्या गोळ्यांबरोबर जेवणाआधी तासभर वाटत होतो.

डाव्या हातातील फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या जागेसाठी, खाटेच्या डोक्याशी पाटी लावली : या हातावर रक्तदाब नाही, सुई नाही, घड्याळ नाही. सकाळ-संध्याकाळ त्यावर बोटे ठेवून रक्ताची थरथर जाणवते का ते पाहायचे. मावशींनी त्याला ‘माशी’ नाव दिले आणि वहीतही आता ‘माशी आहे’ असेच लिहिले जाते.

काय झाले

सप्टेंबरच्या मध्यापासून दोन डायलिसिसमधील वजनवाढ बहुतेक वेळा दीड ते सव्वादोन किलोंच्या दरम्यान राहिली. मशीन लवकर थांबवावे लागणे जवळपास बंद झाले. पोटॅशियम महिन्याच्या तपासणीत साडेपाचच्या आत राहिले. शनिवारच्या भजनाला काका बसू लागले, आणि टाळ वाजवण्यावरून शेजारच्या आजोबांशी त्यांचे भांडणही झाले, जे आम्ही प्रकृती सुधारल्याचे लक्षण मानले.

सगळे असे सरळ गेले नाही. ऑक्टोबरमध्ये वजनाचे आकडे उत्तम असताना काकांना रात्री आडवे होता येईना, धाप लागू लागली. आम्ही आकड्यांवर विसंबलो होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत त्यांचे मांस झडले होते, त्यामुळे ५६ किलो हे आता त्यांचे ‘ड्राय वेट’ उरलेच नव्हते. तेवढ्या वजनात दोन किलो पाणीच होते. मूत्रपिंडतज्ज्ञांनी ते हळूहळू ५४ वर आणले आणि धाप गेली. तेव्हापासून दर महिन्याला हा आकडा पुन्हा विचारायचा, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सातला मावशी धावत आल्या : ‘सिस्टर, माशी गप्प झाली.’ रात्री काका त्या हातावर झोपले होते की रक्तदाब उतरला होता, ते कळले नाही. फिस्टुला गुठळीने बंद झाली होती. लवकर कळल्यामुळे त्याच दुपारी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांनी ती मोकळी केली आणि डायलिसिससाठी मानेत नळी घालण्याची वेळ टळली.

चालणे मात्र परत आले नाही. वॉकर घेऊन गच्चीच्या दारापर्यंत, एवढेच. पुढचे कसे, हे काकांनी स्वतः सांगितले आहे : मुलीला ओळखतो तोवर डायलिसिस, व्हेंटिलेटर नको. जगण्याविषयीचे असे पूर्वनिर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर काकांनी सही केली, एक प्रत वहीच्या मागच्या खिशात आहे.

आज वेगळे काय केले असते

दाखल करून घेण्यापूर्वीच डायलिसिस केंद्राला फोन केला असता. ड्राय वेट, फिस्टुला कुठे आहे, द्रवाची मर्यादा आणि शेवटचे पोटॅशियम, या चार उत्तरांशिवाय आम्ही आता कोणाला घेत नाही. त्यामुळे गेल्या महिन्यात एका कुटुंबाला दोन दिवस थांबावे लागले आणि ते नाराज झाले. पोटातील डायलिसिसचा प्रश्न मी आजही बंद मानत नाही, कारण रस्ता बंद पडेल असा पाऊस पुढच्या जुलैतही येणार आहे आणि त्या दिवशी वहीचा काही उपयोग होणार नाही.

आणि सोमवारच्या त्या रात्रीसाठी एक नियम केला आहे. डायलिसिसवरील रुग्णाची नाडी ५० च्या खाली गेली, किंवा पायांत अचानक अशक्तपणा आला, तर रात्रपाळीच्या सिस्टरने कोणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलवायची आणि मग आम्हाला कळवायचे. आतापर्यंत तो दोनदा वापरला गेला. एकदा पोटॅशियम ६.६ निघाले. दुसऱ्यांदा ते ५.१ होते, काकांची झोपमोड झाली आणि सकाळी त्यांनी सिस्टरला चांगलेच सुनावले. नियम आम्ही बदललेला नाही.